पुढची सीट आणि तिच्या दोन सवती

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो, आणि जळकुकडी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको. सीट म्हणजे साधीसुधी नव्हे. दोन दारांच्या, दांडग्या इंजिनाच्या, गल्लीत शिरली की खिडक्यांच्या काचा थरथरवणाऱ्या मोटारीची पुढची अखंड सीट. या दारापासून त्या दारापर्यंत एकच एक बाक, त्यावर तीन माणसं ऐसपैस बसतील.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या फ्लिंटचा, मोटारींच्या कारखान्यातला. स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर कापूस आणि फोम, वरून काळं रेक्झिन ताणून लोखंडी कड्यांनी आवळलं, की झाली सीट. कड्या आवळणारी बाई शेजारणीशी गप्पा मारत काम करत होती. माझ्याकडे तिने धड पाहिलंही नाही. मागून येणाऱ्या लाल सीटला मात्र “काय गोड रंग आहे” म्हणाली. तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

गाडी घेतली लेनर्ड कोवालने. तरुण होता, कारखान्यात प्रेस शॉपला होता. पत्र्याचे दरवाजे ठोकणाऱ्या यंत्रांनी काही वर्षांत त्याचा डावा कान पार बसवला आणि उजवा अर्धामुर्धा ठेवला. म्हणून त्याची बायको डोलोरेस कायम माझ्या मधल्या जागेवर बसायची, त्याच्या उजव्या कानाला खेटून. आमच्याकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे उजवीकडची खिडकीची जागा रिकामी. शेजारीपाजारी चिडवायचे, “लग्न मुरलं तरी अजून चिकटूनच?”

“चिकटले नाही तर हा बाबा घरी पोचायचा नाही,” ती म्हणायची.

खोटं नव्हतं ते. लेनर्डला रस्ते लक्षात राहत नसत. ती कानाशी सांगायची आणि तो वळायचा. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं, पण इंजिन गुरगुरलं की ते शिट्ट्या मारायचं, म्हणून तो ते काढून खिशात टाकायचा. हिवाळ्यात आमच्याकडे बर्फासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात आणि मीठ पत्रा खातं, म्हणून गाडी गॅरेजात झाकलेली. वसंतात दोन-चार पाऊस पडून रस्ते धुतले गेले की पहिल्या रविवारी दोघं हुरॉन सरोवराकाठी तळलेले मासे खायला जायची. जाताना आणि येताना डोलोरेसच्या तोंडाला खळ नसे. कोणाची सून कशी वागते, कोणाच्या छपराला भोक पडलंय, सगळं मी ऐकलेलं आहे.

मग मी म्हातारी झाले. रेक्झिन फाटलं, त्यावर चिकटपट्टी लागली, ती सुटली, दुसरी लागली. माझी मधली जागा तर चांगलीच खोल गेली.

त्यांची मुलगी मार्सी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करते. हातात कसब आहे पोरीच्या. “पपा, गाडी आतून नवी करून देते,” म्हणाली आणि दोन हिवाळे त्यात घातले. छताचं कापड बदललं, गालिचा बदलला, दारांना आतून चामडं शिवलं. मी आपली वाट बघत होते, आता माझी पाळी. तिने फीत लावून मला इकडून तिकडून मापलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, “ही मधे पार बसलीय. काही राम नाही हिच्यात.”

बोल्ट काढले, चार लाकडी पाय ठोकले आणि मला भिंतीशी लावलं. गॅरेजातला सोफा झाले मी.

दुसऱ्या दिवशी आल्या माझ्या सवती. दोघी सुट्या सुट्या, एकेका माणसापुरत्या. काळं चामडं, लाल दोऱ्याची चौकटीची शिवण, बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या उंच कडा, आणि वर बूड गरम करायची सोय. दोघींच्या मधे एक पेटी, तिला कॉफीचे पेले ठेवायला खळगे. मार्सी शिवणीवरून हात फिरवायची आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मला कधी कोणी असं गोंजारलं होतं का? काहीतरी बिनसावं आणि या दोघींची तोंडं काळी व्हावीत, म्हणून मी देव पाण्यात घालून बसले.

रस्ते धुतले गेले. रविवार आला. डोलोरेस डोक्याला नवा रुमाल बांधून निघाली. मधे पेटी, म्हणून पलीकडे खिडकीशी बसली. गाडी दिमाखात बाहेर पडली आणि मी भिंतीशी जळत राहिले.

परतली ती संध्याकाळ उतरल्यावर. मार्सी वाटच बघत होती. “कसं काय, पपा?”

“झकास,” लेनर्ड म्हणाला.

डोलोरेस थेट येऊन माझ्यावर बसली. “काय झकास? मी घसा फोडून सांगतेय, वळ, वळ. हा आपला मान डोलावतोय. थेट कॅनडाच्या सरहद्दीवरच्या पुलावर नेऊन उभं केलं मला. तिथला पोरगा विचारतो, पासपोर्ट कुठाय. मी म्हटलं, बाळा, आम्हाला मासे खायचे होते.”

“मला वाटलं, ती सीटचं कौतुक करतेय,” लेनर्ड म्हणाला.

“मग खाल्लेत का मासे?” मार्सीने विचारलं.

“दुकान बंद झालं तोवर. चिप्सचं पाकीट खाल्लं, तेही एकेकट्याने,” डोलोरेस म्हणाली.

मित्रांनो, माझ्या स्प्रिंगा आनंदाने किरकिरल्या. पण मार्सीचा चेहरा उतरला. लेनर्डने ते पाहिलं आणि तिच्या पाठीवर थोपटलं. “सीटना हात लावायचा नाही. तू दोन हिवाळे खपलीस. मी आपला गावातल्या गावात फिरेन.”

“तू फीर,” डोलोरेस म्हणाली. “मी घरी बसेन. नुसतं शेजारी बसून मुक्यासारखं जायचं तर बस काय वाईट?”

आणि खरंच, त्यानंतर ती गाडीत बसली नाही. लेनर्ड एकटा गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, रस्ता चुकायच्या आत परत यायचा. मग तेही कमी झालं. माझ्या सवती नव्याकोऱ्या, पण त्यांच्यावर बसायला कोणी नाही. मला हसू यायला हवं होतं. थोडं आलंही.

एका संध्याकाळी मार्सी हत्यारं घ्यायला आली तर ती दोघं माझ्यावर बसलेली. सोफ्यावर वाटेल तेवढी जागा होती, तरी डोलोरेस बरोबर मधल्या खड्ड्यात बसून नवऱ्याच्या उजव्या कानाशी कुजबुजत होती आणि तो खदखदून हसत होता. मार्सी दारातच थांबली. दोघं आत गेल्यावर ती गुडघ्यावर बसली आणि तिने माझ्यावर हात फिरवला. डावीकडचं रेक्झिन झिजलेलं, मधलं बसलेलं, आणि उजवीकडचं जवळजवळ कोरं.

“म्हणजे हिच्या स्प्रिंगा खराब नव्हत्या,” ती पुटपुटली. “मी गाडी मापली. यांना मापलंच नाही.”

सवतींना बाहेर काढताना तिचा हात जड झाला होता, ते मला दिसत होतं. पण काढल्या. माझी सालं सोलली, कुजका कापूस टाकला, स्प्रिंगा तशाच ठेवल्या. काळं चामडं, लाल शिवण मलाही मिळाली. मधला खड्डा भरताना तिने आईला बोलावून बसवलं आणि ती म्हणेल तिथे थांबली. सवतींची ऊबसुद्धा काढून माझ्या मधल्या जागेत घातली, लाकडी पाय काढले आणि मला परत गाडीत बसवलं. उन्हाळा संपता संपता दोघं मासे खाऊन आली. येताना डोलोरेस इतकं बोलली की लेनर्ड म्हणाला, “पुलावर बरी शांतता होती.”

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण हिवाळा आला, गाडी झाकली गेली आणि मार्सीने त्या दोघींना चाकं लावून गॅरेजातल्या शेगडीपाशी ठेवलं. आवरणाची एक कड वर राहिली आहे, तेवढ्यातून मला दिसतं. मी म्हटलं, बसा खुशाल, मधे हातभर अंतर आहे. पहिल्याच संध्याकाळी डोलोरेसने कॉफीचा पेला सांभाळत आपली खुर्ची पायाने ढकलत ढकलत नेली आणि लेनर्डच्या उजव्या कानाला भिडवली. इतकी वर्षं मी समजत होते की ही दोघं माझ्यामुळे जवळ बसतात. माझ्या सवतीवर बसूनही ती तेवढीच जवळ बसली. या जळण्यावर औषध नाही.

जुन्या वस्तूंना जपा, असं शेवटी सांगायचा रिवाज आहे. जपा. पण नवं काही बसवण्याआधी घरातलं कोण कुठे बसतं आणि का, ते विचारा. कोणाला कमी ऐकू येत असेल तर लांबून ओरडू नका, खुर्ची ओढून जवळ जा. आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी इकडे आलंच, तर गाडीची काच तेवढी खाली करा. ती दोघं हसताना मला दिसतात, पण काय बोलतात ते इथून काही केल्या ऐकू येत नाही.