दोऱ्याचं दुसरं टोक

"माय हॉबी इज फिशिंग," असं सिस्टर भिंतीकडे बघून म्हणाली आणि मागून पलंगावरून आवाज आला, "बरं."

"बरं काय बरं? अजून सुरुवातच केली नाही मी."

"बरं," नवरा म्हणाला.

गेल्या वर्षी आलेल्या झटक्याने त्याचा उजवा हात नेला, उजवा पाय अर्धा नेला आणि बोलण्यातला एवढा एक शब्द तेवढा मागे ठेवला. हो म्हणजे बरं, नाही म्हणजे बरं, पाणी हवं म्हणजेही बरं. सूर तेवढा बदलायचा. हा माणूस लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. पूर्वी इतका बोलायचा की लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सुटका झाल्यावरही त्याच्या गप्पा ऐकत जिन्यात रेंगाळायची. घरी आला की पुन्हा तोंडाचा पट्टा सुरू. सिस्टर वॉर्डातून पाय ओढत आलेली असायची. "अहो, जरा पाच मिनिटं गप्प बसाल का?" हे तिच्या तोंडातलं ठरलेलं वाक्य होतं. आता ते आठवलं की ती उगाचच त्याची उशी सारखी करायची.

हॉस्पिटलात तिला सगळे सिस्टर म्हणत, शेजारपाजारचेही तेच म्हणत. परदेशातल्या एका हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली होती. अडलं होतं ते इंग्रजी बोलायच्या परीक्षेपाशी. तिथे वर्षभर टिकली की नवऱ्यालाही बोलावून घेता येणार होतं, आणि त्याच हॉस्पिटलात वाचा गेलेल्या माणसांना रोज समोर बसवून पुन्हा बोलतं करणारी माणसं होती. इथे तसं कोणी मिळालं नव्हतं. पगार, घर, तिथली थंडी, याचा विचार तिने केलाच नव्हता. नवऱ्याने पुन्हा एकदा आपलं डोकं खावं, एवढ्यासाठी ही बाई पन्नाशीला टेकल्यावर परीक्षेला बसत होती.

पहिल्या खेपेला ती आपटली, ती क्लासच्या सरांच्या कृपेने. सरांनी छंद या विषयावर अख्ख्या वर्गाला एकच उत्तर घोकायला दिलं होतं. लहानपणी आजीने गुलाबाचं रोप दिलं आणि तेव्हापासून बागेचं वेड लागलं. परीक्षेच्या दिवशी एकाच खोलीत एकामागोमाग चौघीजणी ते रोप घेऊन गेल्या. सिस्टर चौथी. परीक्षक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसून म्हणाल्या, "तुमच्याकडच्या आज्या गुलाब फारच वाटतात वाटतं." त्यानंतर सिस्टरची जी दातखीळ बसली ती बाहेर येईपर्यंत सुटली नाही.

"या वेळी दुसऱ्या कोणाकडे नसेल असा छंद घ्या," सर म्हणाले. आपली चूक झाली, असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. "खोटा असला तरी चालतो. अडखळायचं मात्र नाही."

सिस्टरला छंद कुठला असायला? ड्यूटी, स्वयंपाक, झोप. घरातला छंद होता तो नवऱ्याचा. दर रविवारी गळाची काठी खांद्यावर टाकून शहराबाहेरच्या तळ्यावर जायचा आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचा. मिळालाच मासा तर तो पाण्यात सोडून द्यायचा. "चल की एकदा," असं निघताना न चुकता म्हणायचा. "आठवड्यातून एक दिवस घरात शांतता असते, तीही घालवू?" असं ती न चुकता उत्तर द्यायची. त्यालाही त्याचं काही वाटत नसावं. निदान तसं तो दाखवत नसे.

तर आता तिने तोच छंद उचलला होता.

"पाण्यावर बूच तरंगतं," तिने इंग्रजीतून रेटलं, "मासा आला की बूच हलतं. बूच हललं की मी लगेच काठी ओढते." आणि तिने हवेत असा काही झटका दिला की टेबलावरचा पेला खाली आला.

पलंगाच्या कठड्यावर डाव्या हाताची थाप पडली. "बरं, बरं, बरं, बरं."

"काय झालं? इंग्रजी चुकलं?"

नवऱ्याचं इंग्रजी लिफ्टच्या पाट्यांपुरतं होतं, तेव्हा ते काही नसणार. आतून नणंद आली. भावाला सांभाळायला ती मुक्कामाला आली होती आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तिच्याकडे एकच इलाज होता.

"वहिनी, दादाला भूक लागलीय."

दादाने तिच्याकडे असं पाहिलं की ती आल्या पावली परत गेली. मग त्याने कपाटाच्या फळीकडे बोट दाखवलं. सिस्टरने चष्मा आणला, कंगवा आणला, औषधाची बाटली आणली. शेवटी शिवणाचा डबा आणला तेव्हा त्याने मान डोलावली. डब्यातलं दोऱ्याचं रीळ घेतलं, एक टोक तिच्या बोटाला बांधायला लावलं, दुसरं रिळासकट आपल्या डाव्या मुठीत धरलं आणि तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसवलं. मग स्वतःचे डोळे मिटून दाखवले.

"मीही मिटू?"

"बरं."

तिने डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बोटाला अगदी बारीक, लुटुलुटु असं काही जाणवलं. तिने हात ओढला.

"बरं," तो म्हणाला, हिरमुसून. पुन्हा.

कामावरून आली, जेवणं उरकली की हा उद्योग रोजचा झाला. नणंद दारात उभी राहून बघायची आणि डोक्याला हात लावायची. सिस्टर पहिल्या हालचालीलाच ओढायची. हातातला मासा सुटेल की काय अशी तिला घाई, आणि नवऱ्याचं तेच ते हिरमुसलेलं बरं. मग एका संध्याकाळी तिने ओढलं नाही. लुटुलुटु झालं, थांबलं, पुन्हा झालं. ती बसून राहिली. आणि मग दोरा एकाएकी जड झाला, हळूहळू तिच्यापासून लांब जायला लागला. तेव्हा ओढलं.

"बरं," तो म्हणाला. हे बरं तिने वर्षभरात ऐकलं नव्हतं. डोळे उघडून पाहिलं तर तो हसत होता, झटक्यानंतर तोंड वाकडं झालं होतं त्या बाजूनेसुद्धा.

तळ्यावरही तो असाच बसत असणार, हे तिला तेव्हा कळलं. असाच गप्प, दोरीचं टोक धरून. ज्या गप्प माणसासाठी ती इतकी वर्षं कटकट करत होती तो दर रविवारी तिथे होता, आणि जाताना तिला चल म्हणत होता. तिला रडू आलं. दोरा बोटाला तसाच ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, आणि रीळ गडगडत तिच्या मागोमाग आलं.

परीक्षेला या वेळी टक्कल पडलेले एक गृहस्थ होते. त्यांनी छंदाचं विचारलं आणि सिस्टरने तळं, काठी, बूच, सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. गृहस्थ मान हलवत होते. पाठ केलेलं त्यांना ओळखू येत असावं.

"कोणाबरोबर जाता?"

"नवऱ्याबरोबर. दर रविवारी." हे तिने तयार केलेलं नव्हतं.

"काय बोलता तिथे दोघं?"

"काही नाही. तो फार बोलका आहे, पण तिथे बोलत नाही." ती थांबली. पुढचं इंग्रजी सापडेना. मग तिने आपलं बोट टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत सावकाश बोलू लागली. वाक्यं मोडकीतोडकी होती, पण एकही उसनं नव्हतं. "पहिल्यांदा बारीक वाटतं. तेव्हा सगळे ओढतात. तेव्हा ओढायचं नाही. मग जड होतं, आणि तुमच्यापासून लांब जायला लागतं. तेव्हा ओढायचं."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "आणि नाही ओढलं तर?"

"तर जातं," सिस्टर म्हणाली. "आपण बसून राहतो."

निकाल नणंदेने मोबाइलवर वाचला आणि घरभर सांगत सुटली, घरात माणसं तिघंच असली तरी. सिस्टर पलंगापाशी गेली.

"अहो, झाले मी पास. जावं लागणार."

"बरं," तो म्हणाला. एव्हाना तिला त्याची बरीचशी बरं ओळखू येत होती. हे कुठलं ते तिला लावता आलं नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं.

मंगळवारचं विमान होतं. त्याआधीच्या रविवारी तिने माळ्यावरून काठी काढली, नणंदेच्या मदतीने त्याला टॅक्सीत बसवलं, चाकांची खुर्ची मागे टाकली आणि तळ्यावर नेलं. काठावर एक सपाट दगड होता. नवऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवलं, पण ती खुर्ची तिथे नेऊ लागली तशी मान हलवली. खुर्ची शेजारी. दगड तिच्यासाठी. तिने खुर्चीचा ब्रेक लावला आणि ती दगडावर बसली. बसायला तो दगड चांगला होता.

पिठाची गोळी त्यानेच डाव्या हाताने गळाला लावली. बूच पाण्यावर जाऊन थांबलं. दोघं बसून राहिली. काठी तिच्या हातात होती आणि दोरी तिने बोटावरून घेतली होती, घरी घ्यायची तशी. उन्हं कलली तरी काही झालं नाही. मग लुटुलुटु झालं. ती हलली नाही. पुन्हा झालं. आणि दोरी जड झाली, हळूच तिच्यापासून लांब जायला लागली.

हीच वेळ. तिच्या बोटाला ते कळलं. नवऱ्यालाही कळलं. तो बुचाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

तिने ओढलं नाही. बूच वर आलं आणि हलकं होऊन तरंगत राहिलं. मासा गोळी घेऊन गेला होता.

"अहो," ती म्हणाली, "अजून थोडा वेळ बसू या?"

"बरं," तो म्हणाला, आणि मांडीवरचा डबा उघडून एका हाताने पिठाची नवी गोळी वळायला लागला.