नवाल थांबे सांगायची

"काका, कॉलर नीट करा. आणि हे बघा, सगळं आपणहून सांगून टाकू नका. पोरांना जरा विचारू द्या," इन्साफ सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनीच वगदींची कॉलर दुमडून दिली.

"बावीस वर्षं परीक्षेला बसतोय मी. तू मला शिकवतेस होय?"

"मागच्या वर्षी एकाला तुम्ही गोळ्यांचं प्रमाणसुद्धा सांगितलंत!"

"घामाघूम झाला होता गं बिचारा."

अलेक्झांड्रियातल्या त्या मनोरुग्णालयात नव्या डॉक्टरांची परीक्षा वसंतात होई; रुग्णाशी बोलून निदान सांगायचं. वगदी नसीम हे त्या परीक्षेचे मानाचे रुग्ण. त्यांच्या आजाराची टिपणं उमेदवारांमध्ये हातोहात फिरत. वगदीकाका मिळाले की पास, असं पोरं खुशाल म्हणत. वर्षातून हा एकच दिवस वगदी इस्त्रीचा शर्ट घालत आणि तीन मोठे डॉक्टर त्यांचं म्हणणं मान डोलावत ऐकून घेत. एरवी बाकोस वस्तीतल्या त्यांच्या एका खोलीत त्यांचं कोण ऐकणार होतं?

टिपणांत असं होतं: ट्रामवर कंडक्टर असताना, एकतिसाव्या वर्षी, एका धुक्याच्या सकाळी त्यांच्या डाव्या कानाशी एक बाई पुढच्या थांब्याचं नाव म्हणाली. वळून पाहिलं तर कोणीच नाही. मग ती रोज येऊ लागली. नाव नवाल, तिनेच सांगितलेलं. कॅम्प शेझार, इब्राहिमिया, स्पोर्टिंग असे थांबे ती सांगत जाई आणि मध्येच नसलेलेही सांगे. लिंबाच्या फुलांचा थांबा. आईच्या अंगणाचा थांबा. कोणीच उतरत नाही तो थांबा. नोकरी गेली, ठरत आलेलं लग्न मोडलं, नवाल मात्र राहिली. बसताना वगदी डावीकडची जागा तिला सोडत. हळूहळू दवाखान्यातली माणसंही सोडू लागली. झाडूवालासुद्धा त्या खुर्चीला वळसा घालून जाई.

यंदाच्या हिवाळ्यात नवं औषध सुरू झालं, आणि दीड महिन्यापूर्वी नवाल बोलेनाशी झाली. वगदींनी हे कोणालाही कळू दिलं नव्हतं. बोलून दाखवलं की ती खरंच गेली, अशी त्यांना भीती वाटे. शिवाय बऱ्या झालेल्या माणसाला परीक्षेला कोण बोलावणार?

पहिल्या उमेदवाराने कागदातून डोकंही वर काढलं नाही. "आवाज बाईचा, डावीकडून. बरोबर ना?"

"बरोबर," वगदी म्हणाले आणि नेहमीचं सगळं त्यांनी ओळीने म्हणून दाखवलं. तो खूश होऊन गेला.

दुसरी आली डॉक्टर शेरवेत. दमनहूर गावची मुलगी, गेल्या वर्षी नापास झालेली. वगदींनी पुन्हा तेच म्हणायला सुरुवात केली. थोडा वेळ लिहून तिने पेन खाली ठेवलं.

"काका, एक विचारू? गेल्या वर्षी मी तुम्हाला दारातून पाहिलं होतं. बोलण्याआधी तुम्ही थांबायचात, मान अशी डावीकडे करून. आज एकदाही थांबला नाहीत."

वगदींनी खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र पांढुरका दिसत होता, आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

"ऐकायला कोणी असलं तर थांबायचं ना, पोरी."

"कधी गेली?"

आवाज बंद झाला का, असं तिने विचारलं नाही. वगदींचे डोळे भरून आले.

"सिदी गाबेरच्या थांब्यावर. गाडी उभी राहिली, दारं उघडली, माणसं उतरली. मी आपला वाट बघतोय, आता सांगेल, मग सांगेल. गाडी सुटली तरी कोणी बोललं नाही. शेवटी मीच म्हणालो, सिदी गाबेर. लोक बघायला लागले माझ्याकडे." त्यांनी इस्त्रीच्या बाहीने डोळे पुसले. "आता सगळे म्हणतील, बरा झाला. पण तीस वर्षांची सोबत होती गं. जाते म्हणूनसुद्धा सांगितलं नाही तिने."

शेरवेतने प्रश्नांचा कागद उलटा करून ठेवला. "कशी बोलायची ती?" तिने विचारलं, आणि वेळ संपेपर्यंत ती नवालबद्दलच ऐकत राहिली.

मग तिघे परीक्षक आत आले. मधले डॉक्टर हिल्मी म्हणजे वगदींना पहिल्यापासून तपासणारे.

"हं, निदान?"

"जुना आजार औषधाने आवरलाय, सर," शेरवेत म्हणाली. "आज त्यांना दुःख झालंय. त्यांचं माणूस गेलंय."

"काहीतरीच काय!" दुसरे परीक्षक म्हणाले. "सकाळच्या मुलाला यांनी आवाज येतो म्हणून सांगितलंय."

हिल्मींनी चष्मा काढला. "वगदी, येते का रे ती अजून?"

हो म्हटलं की सगळं जागच्या जागी राहणार होतं, हा शर्ट, हा दिवस, ती रिकामी खुर्ची. फक्त ही मुलगी पुन्हा नापास होऊन दमनहूरला गेली असती. वगदींची मान सवयीने डावीकडे कलली. ते ऐकत राहिले. तिथे काहीच नव्हतं.

"नाही येत, डॉक्टरसाहेब. सकाळी मी खोटं बोललो. पोरगी खरं सांगतेय."

हिल्मी उठले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या डावीकडच्या खुर्चीत येऊन बसले. "मला तरी सांगायचंस रे," ते म्हणाले. त्यांनी शेरवेतच्या कागदावर पासचा शेरा मारून सही केली. वगदी दाराशी पोचले तेव्हा हिल्मी कारकुनाला हळू आवाजात सांगत होते, की पुढच्या वर्षी दुसरा रुग्ण बघावा लागेल.

ट्राममध्ये वगदी सवयीने बाकाच्या कडेला बसले, डावीकडची खिडकी मोकळी सोडून. सार्डिन माशांची टोपली घेतलेली एक बाई आत चढली.

"सरका की दादा जरा! खिडकी काय कोणासाठी राखून ठेवलीय?"

वगदी क्षणभर तसेच बसले. मग खिडकीशी सरकले. बाई त्यांच्या उजवीकडे टेकली.

"क्लिओपात्राचा थांबा आला की सांगाल का? मला पाटी वाचता येत नाही."

"सांगेन."

गाडी मंदावली. "कॅम्प शेझार," वगदी म्हणाले.

बाई टोपली सावरत उठायला लागली. "इथे उतरायचं?"

"नाही, अजून तीन आहेत. बसा निवांत."

गाडी पुन्हा सुटली. इमारतींच्या फटींतून समुद्र दिसत आणि लपत राहिला. बाईला डुलकी लागली होती. पुढचा थांबा जवळ आला तसे वगदी किंचित वाकले आणि तिच्या डाव्या कानाशी हळूच म्हणाले, "इब्राहिमिया."