एक्केचाळीस वर्षांची शहजादी

कोथरूडच्या त्या लॅबच्या पायऱ्या चढताना बिलकिसच्या डोक्यात नुसता जाळ होता. एका हातात तेरा वर्षांच्या शहजादीचं मनगट, दुसऱ्या हातात लेकीचा गेल्या वर्षीचा रिपोर्ट. वाढीच्या हार्मोनची तपासणी. आकडा एकशे अठरा, शेजारी ‘नॉर्मल’. आधीच्या डॉक्टरांनी तेवढा एक शब्द वाचला आणि सांगून टाकलं, पोरगी नीट खात नाही म्हणून उंची खुंटलीय, बाकी काही नाही. मग काय, वर्षभर बिलकिसने लेकीच्या तोंडात अंडी-दूध कोंबलं. उलटी केली म्हणून एकदा थोबाडीतही दिली होती.

आज सकाळी नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याच कागदावर बोट ठेवलं. “हे वय कुणाचं?”

एक्केचाळीस. बिलकिसचं.

थायरॉइडसाठी ती पूर्वी इथेच आली होती. शहजादीच्या तपासणीलाही मोबाइल नंबर तोच, म्हणून काउंटरवरच्या उल्काताईंनी जुनीच नोंद उघडली आणि नाव तेवढं बदललं. संगणक वय बघून मर्यादा छापतो. त्याने पोरीच्या रक्ताला आईची मर्यादा लावली.

“इंजेक्शनं तेव्हाच सुरू व्हायला हवी होती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “हाडं जुळत आलीत. आता उंची वाढायला फार तर वर्ष मिळेल.”

लॅबचे मालक दिगंबरराव चष्म्यावरून बघत म्हणाले, “अहो बाई, आकडा तर बरोबर आहे ना आमचा? वय तपासून घेणं तुमचं काम. खाली छापलंय तसं.”

बिलकिस शनिवार पेठेत कपडे शिवते. वाढत्या पोरींच्या शिवणीत पुढे सोडायला दोन बोटं कापड राखून ठेवते. शहजादीच्या गणवेशातलं कापड दोन वर्षं तसंच राहिलं होतं.

“मी साधी शिवणारी बाई,” ती कडाडली, “पण फ्रॉक बेतायच्या आधी पोरीचं वय विचारते. आईच्या मापाने शिवला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल माझ्या! तुम्ही रक्त काढलंत, तेव्हा पोरीकडे बघितलंत तरी का?”

उल्काताईंनी खालमानेने नवा कागद काढला. आकडा तोच. मर्यादा मात्र दोनशेपासून सुरू, आणि शेजारी ‘कमी’.

“घ्या, झालं दुरुस्त,” म्हणत दिगंबररावांनी कागद उंच काउंटरवर आपल्या बाजूच्या कडेला ठेवला.

आपला कागद म्हणून शहजादीच पुढे झाली. टाचा उचलून तिने हात लांबवला. बोटं वीतभर अलीकडेच राहिली.

“आता हे करा दुरुस्त,” बिलकिस म्हणाली.