डावा एक्सल

"डावा एक्सल गेलाय," असं नवरा दीड वर्ष सांगत होता. चाकाला फिरवणारा दांडा तो. वळणावर गाडी हळू झाली की टकटक ऐकू यायची. "या म्हाताऱ्या गाडीला गावातल्या गावात फिरव. लांब गेलीस आणि तुटला, तर लेकीला घेऊन बसशील रस्त्यात!"

तिची आई सहा तासांवर. पाय मोडल्यापासून घरातच. बसमध्ये लेकीला उलट्या व्हायच्या, म्हणजे जायचं तर याच गाडीने. लेक दोन महिन्यांची असताना आजीने तिला एकदाच मांडीवर घेतलं होतं, पायांत स्वतः विणलेले पिवळे मोजे घातले होते. त्यातला एक पुढे घरी हरवला, तेव्हा तिने गादीची खोळसुद्धा उसवून पाहिली होती.

शेवटी तिने मनावर घेतलं. भंगारातून जुना पण धडका एक्सल आणला, लेक झोपायची त्या तासाभरात व्हिडिओ बघून बघून काम पाठ केलं, आणि रविवारी सकाळी गाडी जॅकवर चढवली.

"तू? तुला साधी बरणी उघडत नाही," नवरा हसला.

"बरणीला पाईप लावता येत नाही ना." पान्याच्या दांड्यावर हातभर पाईप चढवून, अंगाचा सगळा भार टाकून तिने मधला मोठा नट सोडवला.

मग तोही कामाला लागला. टॉर्च धरला. गिअरबॉक्समधून तेल ठिबकायला लागलं तशी खाली परात सरकवली. तिची बोटं सोलवटली, तर फुंकर घातली. आणलेला दांडा काही केल्या बसेना. तिसऱ्यांदा ढकलला तेव्हा आत टक् झालं, आणि तिला रडूच फुटलं.

"बाई, तू तर मिस्त्री निघालीस!" त्याने तिच्या नाकावरचं ग्रीस पुसलं.

"उद्याच आईकडे जाते."

"आधी चक्कर तर मारून ये."

पहिल्याच वळणावर टकटक झाली. मागच्या सीटवर लेकीने टाळ्या पिटल्या. "टकटक! टकटक!"

"म्हाताऱ्या माणसाचं दुखणं कधी एकच असतं का?" ती परतली तेव्हा टकटक ऐकत नवरा दारातच उभा होता. "जाऊ दे. हात धू."

"आवाज माझ्या बाजूने येतोय. उजवीकडून."

"लोखंडातून आवाज फिरतो गं. मी बघतो, तू आत जा."

पण तिने तोवर उजव्या चाकाच्या झाकणात स्क्रूड्रायव्हर घातला होता. झाकण उडालं. मागोमाग तोंडाला गाठ मारलेला पिवळा मोजा जमिनीवर पडला. आत तीन नट.

तिने तो उचलून नवऱ्यासमोर धरला.

"तिकडे गेलीस की रमतेस तू," तो खाली बघत म्हणाला. "महिना महिना येत नाहीस. मला वाटलं, जरा सवय मोडेल."

दीड वर्षाचं खोटं तिच्या मनातही आलं नाही. तिला तो टॉर्च आठवत होता. चार तास त्याने तो डाव्या चाकावर धरला होता, जराही न हलवता.

तिने गाठ सोडली, नट तेलाच्या परातीत टाकले. मोजा आता लेकीच्या अंगठ्यालाच पुरला असता. तो तिने खिशात घातला. झाकण थोपटून बसवलं, घरातून लेकीची पिशवी आणली.

"उद्या जाणार होतीस ना?"

"उद्या जाणारी बाई भोळी होती."

गल्लीच्या टोकाला गाडी वळली. लेक कान देऊन बसली होती.

"टकटक?" तिने विचारलं.

"गेली गं, राणी," आई म्हणाली.