नळीतली मासोळी

आमच्या गावात एक माणूस जरी 'नाई' म्हणाला, तरी ठराव होत नाही. बाहेरचे लोक याचं फार कौतुक करतात. त्यांना मंगरूभाऊ माहीत नाहीत.

गावाची एक सायकल आहे, ग्रामसभेनं बांबू विकून घेतलेली. ती नाल्याच्या पुरात वाहून गेली. दोन दिवसांनी सापडली तेव्हा सीट झुडपात आणि सांगाड्याच्या नळ्यांत पाणी. दुरुस्तीला बसलेल्या मुखरूभाऊंनी सायकल उपडी न करताच वरून सीट ठोकली, बरणीला झाकण लावावं तशी. तेव्हापासून ती चालताना पोटात डुबुक डुबुक वाजायची.

मला त्याच सायकलनं अहेरीला जायचं होतं. नर्सिंगच्या प्रवेशाचे कागद दाखवायचा शेवटचा दिवस, खिडकी पाचला बंद. नाल्यावरचा ठेंगणा पूल, रपटा, बुडालेला, म्हणून बस नाही; सायकल तेवढी आडवाटेनं जाते. बावीस किलोमीटर. सकाळी सायकल घ्यायला गेले, तर मंगरूभाऊ नळीला कान लावून बसलेले.

"दिव्या, आतमंदी मासोळी हाये."

"पाणी वाजून राह्यलं, भाऊ."

"पाणी असं वाजत नाई. हे शेपूट हालवून राह्यली."

झालं. सभा बसली. पोळ्यापर्यंत नाल्यातली मासोळी धरायची नाही, हा आमचाच ठराव. तेव्हा त्या अंड्यावर असतात. म्हणजे पाणी ओतून मासोळी मारता येत नाही. आणि गावची मासोळी वाटणी न करता गावाबाहेर नेता येत नाही. म्हणून मंगरूभाऊंचं म्हणणं, सायकल पोळ्यापर्यंत मोहाखाली उभी राहू द्या.

मी हसले. बाकी कोणी हसलं नाही. चैतूनं तर सीट उचकटून आत दोन शितं टाकली. उपाशी कशाला ठेवायची?

बारा वाजले. सभा चालवणाऱ्या सुकरीबाई म्हणाल्या, "भूक लागली. आता उद्या बसू." सगळे धोतर-लुगडं झटकत उठले.

मी मागच्याच महिन्यात अठराची झाले होते. सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं.

"नाई," मी म्हणाले.

"काय नाई?"

"सभा उठवाले बी सगळ्यायची हो लागते. माही नाई हाये."

सुकरीबाईंनी डोळे मिटले, नियम आठवला आणि खाली बसल्या. मग सगळेच बसले. घराघरांतून भाजीचा वास येत होता. मंगरूभाऊंची तंबाखू संपली होती.

"पोरी, घरून डबी आणू दे."

"नाई."

तासाभरात ते वाकले. "नाल्यात नेऊन उपडी करा. मासोळी पाण्यातच गेली, तर ठराव मोडत नाई."

अख्खं गाव नाल्यावर गेलं. सीट काढून सायकल उलटी धरली. गंजाचं तांबडं पाणी आलं, चिखल आला, शेवटी दोन शितं आली. मासोळी नव्हती. मला वाटलं, आता तरी हा माणूस लाजेल.

"अडकली असन," मंगरूभाऊ म्हणाले. "सायकल वापस येतेच, म्हणून नेऊ द्या. पन ते निघाल्याबिगर झाकण लावाचं नाई."

भुकेल्या लोकांनी भराभर हात वर केले. सगळ्यात आधी मी केला; दीड वाजला होता. मंगरूभाऊ सीट काखेत मारून घरी गेले.

बावीस किलोमीटर मी उभ्यानं सायकल मारली. चिखल, चढ, उतार, सगळं उभ्यानं. मंगरूभाऊंना मी इतक्या शिव्या दिल्या की त्या मासोळीनंही कान झाकले असते. पावणेपाचला पोचले, सायकल भिंतीला टेकवली आणि खिडकीशी उभी राहिले.

खिडकीतल्या बाईनं कागद घेतले आणि वर न बघता स्टुलाकडे बोट केलं. "बसा."

मी बसले आणि मला रडूच कोसळलं.

"अवं, कागद पुरे हायेत तुहे," ती घाबरून म्हणाली. "रडून काऊन राह्यली?"

मी नुसती बसून राहिले.