रूळ जुळले नाहीत म्हणून

फलाटाचा दगड दोन बोटं झिजला आहे. झीज एका कडेपासून सुरू होते, पांढऱ्या पट्ट्याच्या जरा अलीकडे थांबते आणि पट्ट्यापलीकडून पुन्हा तितक्याच खोलीने दुसऱ्या कडेपर्यंत जाते. पट्ट्याखालचा दगड मात्र बसवला तेव्हा होता तसाच आहे. मी दगडांचा अभ्यास करते. एवढी झीज करायला ओढ्याला किती काळ लागतो, ते मला ठाऊक आहे. इथे ती माणसांच्या अनवाणी पायांनी केली.

पट्टा म्हणजे सरहद्द. दोन देशांनी आपापल्या राजधानीकडून रूळ टाकत आणले. या ओसाड माळावर ते समोरासमोर आले, तेव्हा कळलं की एकाच्या रुळांमधलं अंतर वीतभर जास्त. माघार कोण घेणार? मग मध्ये फलाट बांधला, दोन्ही अंगांना दोन गाड्या, आणि माल माणसांनी वाहायचा. त्या हमालांच्या झोपड्यांची वस्ती झाली. अख्खं गाव एका चुकीच्या पोटी जन्मलं.

रीत एकच: पाय आपापल्या देशात, आणि पोतं जमिनीला टेकवायचं नाही. खांद्यावरून खांद्यावर जाताना ते हवेतच देश बदलतं.

आमच्या बाजूची मुकादम माझी आत्या. पलीकडच्या मुकादमाला सगळे लंबू म्हणतात. तरुणपणी त्याने भर फलाटावर तिला मागणी घातली होती. होकार दिला तर पलीकडे जायचं आणि इकडची टोळी सोडायची. ती म्हणाली, "हे काम संपू दे, मग सांगते." काम कसलं संपतंय! दोघांचे केस पिकले.

आज संपलं. उद्यापासून नव्या, एकाच मापाच्या रुळांवरून गाडी इथे न थांबता जाणार. शेवटचं पोतं आत्याने स्वतः उचललं. सारी वस्ती फलाटाभोवती जमून पाहत होती.

"कंबर सांभाळ, लंबू. तुमच्याकडे हाडवैद्य नाही म्हणे."

"तुमचे टोमणे आहेत की. त्यांनीच ताठ राहिलोय."

हशा पिकला. पोतं त्याच्या खांद्यावर गेलं, पण तो वळेना.

"काम संपलं, बाई."

"डोळे आहेत मला."

"मग सांगा. नाहीतर हे घेऊन इथेच उभा राहतो."

आत्याने खांद्यावरची धूळ झटकली.

"सकाळी लवकर उठवायचं नाही, आधीच सांगते," ती म्हणाली. "येते मी तिकडे."