उतारावरचा मंत्र

सातपुड्याच्या पायथ्याशी माणसांची जत्राच लोटली होती. गिरधर महाराज विजेच्या मोटारीत डोळे मिटून मंत्र पुटपुटत बसले होते आणि पडद्यावरचा बॅटरीचा आकडा खरोखर वाढला होता. डोंगरावरच्या देवळातून निघताना सतरा टक्के, खाली पोचेपर्यंत वीस! ना वायर, ना प्लग. पेट्रोल सुटलं, आता लाइटबिलही सुटेल, असं महाराजांनी सांगताच चुडामण आबांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. गाडी आबांचीच होती.

ती चालवत होती सून मोहिनी. सासूबाई धुरपदाबाईंना चोपड्याहून जळगावला डायलिसिसला न्यावं लागे. भाड्याच्या गाड्या परवडेनात, म्हणून तर ही मोटार घेतली होती. रात्री घरच्या प्लगला लावली की पेट्रोलच्या मानाने ती फार स्वस्तात पळे.

मोहिनीने आबांना परोपरीने समजावलं. उतारावर चाकंच मोटरला फिरवतात, सायकलच्या डायनॅमोसारखी, आणि चढताना खर्चलेल्या विजेतली थोडी परत बॅटरीत येते. मग मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या.

आबा हसले. "देवनी परीक्षा लेवानी नही, बेटा. मंतर शे ना, मंग वायर कसाले जोयजे?"

तिने संध्याकाळी लावलेला प्लग सकाळी खुंटीला टांगलेला दिसला; मंत्र असताना वायर कशाला हवी, म्हणून आबांनीच तो काढला होता. आता चार्जिंगला वेळ नव्हता, दवाखान्यातली वेळ ठरलेली होती. पोचेल कशीबशी, असं म्हणून तिने गाडी काढली. मागे आबा मंत्र पुटपुटत होते, शेजारी धुरपदाबाई सुजलेले पाय घेऊन बसल्या होत्या, आणि सपाट रस्त्यावर आकडा उतरत होता. तापीच्या पुलाअलीकडे गाडी थांबली. रिक्षा मिळून दवाखाना गाठेपर्यंत मशीनवर दुसरा पेशंट होता. उद्या या, असं सांगण्यात आलं.

धुरपदाबाईंना धाप लागली होती. त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "सपाट रस्तावर तुमना मंतर का बरं नही चालना?"

गाडी ओढून घरी आणल्यावर आबांनी स्वतः प्लग लावला. मोहिनीला बरं वाटलं. पण सकाळी पाहते तर प्लगला महाराजांच्या अंगाऱ्याची पुडी बांधलेली, आणि बॅटरी भरलेली पाहून आबा त्या पुडीला हात जोडत होते. तिला रडू आलं. सासूबाईंना गाडीत बसवायचं होतं, वाद घालायला वेळ कुठे होता?

तुमच्या गावी असे कुणी महाराज आले, तर पाया पडण्याआधी एकच करा. त्यांना गाडीत बसवा आणि गाडी चढावर घ्या.